बावीस किलोमीटरची मोजपट्टी

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. रात्रीचे आठ वाजायच्या थोडं आधी विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांनी आकाशातून आगीचे लोळ सरकत जाताना पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावाजवळ सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी पडली. आसपासच्या शिवारांतून धातूचे गोळे सापडले. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन ते अवशेष पाहून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या एका चिनी अग्निबाणाचा, ‘चांग झेंग ३बी’चा, वरचा टप्पा वातावरणात शिरून जळाला असावा, असं जाणकारांनी सांगितलं.

त्या रात्री माझ्या फोनवर पंधरा-वीस व्हिडिओ आले. एकाखाली लिहिलं होतं उल्कापात, दुसऱ्याखाली विमान कोसळलं, तिसऱ्याखाली परग्रहवासी. मी शहापूरला राहतो. माझ्या गच्चीवरून काही दिसलं नव्हतं, म्हणून ते व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिले आणि एक गोष्ट टोचत राहिली. इतक्या माणसांनी चित्रण केलं, पण हे नेमकं किती वाजता घेतलं, कुठे उभं राहून घेतलं आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं, हे जवळजवळ कोणीच सांगत नव्हतं. चित्रं ढीगभर होती. नोंद मात्र एकही नव्हती.

खरं तर उल्का की अग्निबाण, हे ओळखायला फार विद्या लागत नाही. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटरच्या वेगाने येते आणि बहुतेक वेळा दोन-चार सेकंदांत संपते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येताना वातावरणात जवळजवळ आडवी शिरते. तिचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास असतो आणि ती तुटत-तुटत मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ दिसत राहते. पण ‘मिनिटभर’ म्हणायला सुद्धा कोणीतरी घड्याळ पाहिलेलं असावं लागतं.

मी शिकलेला खगोलशास्त्रज्ञ नाही. कॉलेज अर्धवट सुटलं. गणित पुढे पुस्तकांतून आणि चुकांमधून शिकलो. त्या पाडव्यानंतर मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: माझ्याकडच्या जुन्या कॅमेऱ्याने डोक्यावरून जाणाऱ्या एखाद्या यानाची अशी नोंद करता येईल का, की तिच्यातून काहीतरी मोजता यावं? या लेखात त्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

संध्याकाळची खिडकी

आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक आपण नुसत्या डोळ्यांनी पाहू शकतो, हे आता अनेकांना ठाऊक आहे. तरी ते दिसतं कसं, याबद्दल गैरसमज आहेत. त्याच्यावर दिवे लावलेले नसतात. आपल्याकडे सूर्य मावळलेला असतो, पण चारशे किलोमीटर वर अजून ऊन असतं. त्या उन्हात स्थानकाचे सौरपंखे चमकतात आणि आपण ती चमक अंधारातून पाहतो. म्हणून दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. खाली अंधार हवा आणि वर ऊन हवं.

ही खिडकी किती वेळ उघडी असते? साध्या भूमितीने काढता येतं. चारशे किलोमीटर उंचीवरची, अगदी डोक्यावर असलेली वस्तू पृथ्वीच्या सावलीत जायला सूर्य क्षितिजाखाली सुमारे २० अंश उतरावा लागतो. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडचे. आपल्याकडे सूर्य सरळ खाली बुडतो, संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. शहापूरला सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या तासाने आकाश पुरेसं काळं होतं आणि सव्वा ते दीड तासानंतर डोक्यावरचं स्थानक सावलीत जातं. म्हणजे हाती लागतो तो तासाभराचा अवकाश. पहाटे हाच खेळ उलटा चालतो. युरोपात उन्हाळ्यात रात्रभर याने दिसत राहतात. ते भाग्य आपलं नाही.

पण आपल्या वाट्याला दुसरं एक भाग्य आलं आहे. हबल दुर्बीण विषुववृत्ताशी अवघा साडेअठ्ठावीस अंशांचा कोन करून फिरते. त्यामुळे लंडनमध्ये राहणाऱ्या हौशी माणसाच्या क्षितिजावर ती कधी येतच नाही. शहापूर आणि मुरबाडच्या मात्र ती थेट डोक्यावरून जाते. चिनी अवकाशस्थानक तियानगोंगही आपल्याला छान दिसतं.

या दिसण्यात फसगतही फार जुनी आहे. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि जगभर लोक गच्चीवर जाऊन ‘रशियाचा चंद्र’ पाहू लागले. त्यांतल्या बहुतेकांनी पाहिला तो स्पुटनिक नव्हता. तो जेमतेम ५८ सेंटिमीटरचा गोळा. नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीण. त्याच्याबरोबर कक्षेत गेलेला अग्निबाणाचा मोठा टप्पा मात्र चमकत होता. जे दिसलं त्याला लोकांनी माहीत असलेलं नाव दिलं. लाडबोरीच्या रात्रीही तेच झालं.

रेघ कशी उमटते

माझा कॅमेरा मुंबईत जुना घेतलेला, १८–५५ची साधी लेन्स असलेला. ट्रायपॉडवर ठेवायचा, लेन्स १८ वर, छिद्र जितकं उघडेल तितकं उघडं, एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून हाताने फोकस, आणि दहा-दहा सेकंदांचे फोटो एकामागून एक. यान फोटोत रेघ होऊन उतरतं.

सुरुवातीला माझा एक गोड गैरसमज होता. मला वाटे, शटर जितका वेळ उघडं ठेवू तितकी रेघ ठळक येईल. तीस सेकंद ठेवलं, मिनिटभर ठेवलं. तारे उजळले, आकाश पांढुरकं झालं आणि रेघ होती तेवढीच फिकी राहिली. कागदावर हिशेब मांडला तेव्हा कारण कळलं. डोक्यावरून जाताना स्थानक सेकंदाला सुमारे एक अंश सरकतं, म्हणजे दोन पौर्णिमेच्या चंद्रांएवढं. माझ्या लेन्समधून कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलवर आकाशाचा जेवढा तुकडा पडतो, तो ओलांडायला त्याला सेकंदाचा साधारण पंच्याऐंशीवा भाग पुरतो. तारा पूर्ण दहा सेकंद एकाच जागी बसून उजेड साठवतो. यानाला तेवढी उसंत नसते. शटर वाढवल्याने रेघ लांब होते, उजळ होत नाही. उजळ करायची तर छिद्र मोठं हवं किंवा आयएसओ वाढवायला हवा.

या हिशेबाचा एक फायदा झाला. रेघेचं सुरुवातीचं टोक म्हणजे शटर उघडलं त्या क्षणी यान कुठे होतं ती जागा, आणि शेवटचं टोक म्हणजे शटर मिटलं तेव्हाची जागा. आजूबाजूच्या ताऱ्यांच्या जागा कोष्टकात दिलेल्याच असतात. म्हणजे फोटोतल्या फोटोत एक नकाशा आणि एक घड्याळ तयार असतं. अट एवढीच, की घड्याळ खरं हवं.

दोन तिकाट्या

एका डोळ्याने पाहिलं तर वस्तू किती दूर आहे ते नीट कळत नाही. दोन डोळ्यांनी कळतं. हात लांब करून अंगठा धरावा आणि एकेक डोळा मिटून पाहावं. मागच्या भिंतीवर अंगठा सरकल्यासारखा दिसतो. अंगठा जवळ आणला की जास्त सरकतो. याला शास्त्रात पराशय म्हणतात. यानासाठी भिंत म्हणजे तारे. प्रश्न होता तो दोन डोळ्यांचा.

मुरबाडला माझा एक जुना मित्र आहे. त्याची पिठाची गिरणी आहे आणि आकाशाची आवड माझ्याइतकीच. शहापूर आणि मुरबाड यांच्यातलं अंतर रस्त्याने बरंच भरतं, पण सरळ रेषेत माझी गच्ची आणि त्याचं खळं यांच्यात २२ किलोमीटर आहेत. गणित सोपं होतं. चारशे किलोमीटरवरच्या वस्तूसाठी २२ किलोमीटरच्या दोन टोकांवरून दिसणारा फरक सुमारे तीन अंश यायला हवा. मृगातले बाणाचे तीन तारे या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन अंश भरतात. म्हणजे फरक बाणाएवढा. साध्या कॅमेऱ्यालाही सहज पकडता येईल असा.

मित्राकडे कॅमेरा नव्हता. त्याचा भाचा लग्नाचे फोटो काढतो, त्याचा मागून आणला. त्यामुळे आमच्या संशोधनाचा पंचांगाशी जवळचा संबंध जडला. मुहूर्त असेल त्या दिवशी कॅमेरा मिळायचा नाही.

पहिला प्रयत्न आम्ही वायव्येकडून आग्नेयेकडे जाणाऱ्या फेरीला केला. दोघांनी कॅमेऱ्यांची घड्याळं फोनवरून लावून घेतली. फोटो छान आले. मी दोन्ही फोटोंत एकाच सेकंदाची म्हणून नोंदलेली टोकं घेतली, ताऱ्यांमधला फरक मोजला. जवळजवळ चार अंश भरला. भागाकार केला आणि उत्तर आलं ३२० किलोमीटर. माझ्याकडच्या एका जुन्या पुस्तकात स्थानकाची उंची साडेतीनशेच्या आसपास दिली होती. दोन हौशी माणसांना पहिल्याच फटक्यात इतकं जवळचं उत्तर! मी चार दिवस हवेत होतो. एका शाळेत जाऊन मुलांना ते सांगूनही आलो.

मित्राने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुझं घड्याळ बरोबर होतं कशावरून?”

“लावलं होतं ना आपण.”

“अरे, कॅमेरा सेकंदाच्या पुढचं काही लिहितो का? साडेसात वाजून पाच सेकंद म्हणजे पाच की पावणेसहा?”

त्याचा मुद्दा बिनतोड होता. आमचे कॅमेरे वेळ फक्त पूर्ण सेकंदात नोंदतात. दोन घड्याळं अगदी जुळवली तरी एका सेकंदापर्यंतचा फरक त्या आकड्यांत लपून राहू शकतो. आणि एका सेकंदात यान अंशभर सरकतं. तीन अंश मोजायचे आणि चूक एका अंशाची! त्यातून कॅमेऱ्याचं घड्याळ रोज थोडं-थोडं चुकतं ते वेगळंच. मी पुस्तकही नीट वाचलं नव्हतं. ते जुनं होतं. स्थानक पूर्वी साडेतीनशेच्या आसपास फिरत असे हे खरं, पण २०११ पासून ते चारशेच्या आसपास आणि त्याहून वर नेलेलं आहे. म्हणजे चुकीचं मोजमाप एका शिळ्या आकड्याशी जुळलं होतं आणि मी त्याला यश समजलो होतो. त्या शाळेत पुन्हा जाऊन मुलांना ते सांगितलं. ते जाणं पहिल्यापेक्षा अवघड होतं.

आता करायचं काय? सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ नोंदणारी साधनं असतात, पण ती आमच्या आवाक्याबाहेर. पूर्वी आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे ठोके ऐकून घड्याळ लावत. आता फोनवर तोच कार्यक्रम ऐकावा तर तो काही सेकंद उशिरा पोचतो. आठवडाभर डोकं खाजवल्यावर उत्तर सापडलं, आणि ते घड्याळात नव्हतं. ते दिशेत होतं.

घड्याळ चुकलं तर यानाची जागा चुकते, पण कुठल्या बाजूला? फक्त त्याच्या वाटेच्या पुढे किंवा मागे. वाटेच्या आडव्या बाजूला ती चूक जाऊच शकत नाही. आगगाडी दोन मिनिटं उशिरा आली म्हणून रुळाशेजारच्या शेतातून जात नाही. शहापूरहून मुरबाड दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे झुकून आहे. आमची पहिली फेरी वायव्येकडून आग्नेयेकडे, म्हणजे जवळजवळ आमच्या मोजपट्टीच्याच दिशेने गेली होती. फरक होता तो सगळा वाटेच्या लांबीत, आणि चूकही तिथेच. तेव्हा फेरी अशी निवडायची, की ती मोजपट्टीला आडवी जाईल. मग दोन्ही फोटोंतल्या रेघा एकमेकींपासून बाजूला सरकलेल्या दिसतील. त्या दोन समांतर रेघांमधलं अंतर मोजायचं. त्यासाठी घड्याळ लागतच नाही.

स्थानक आपल्या अक्षांशावरून दोनच दिशांनी जातं: वायव्येकडून आग्नेयेकडे, नाहीतर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे. दुसरी फेरी आमच्या मोजपट्टीला पूर्ण काटकोनात नसली तरी बरीच आडवी असते. बावीसपैकी साडेअठरा किलोमीटर कामी येतात. जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी, साडेसातच्या सुमारास, अशी फेरी मिळाली. त्या दिवशी मुहूर्तही नव्हता.

रात्री दोन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवले. शहापूरच्या फोटोत रेघ कृत्तिकेपासून दूर, आग्नेयेच्या अंगाने गेली होती. मुरबाडच्या फोटोत तीच रेघ कृत्तिकेला जवळजवळ खेटून होती. मधलं अंतर अडीच अंश. साडेअठराला अडीच अंशांच्या स्पर्शगुणोत्तराने भागलं, उत्तर ४२४ किलोमीटर. मोजण्यातली चूक धरून दहा किलोमीटर इकडे किंवा तिकडे. त्या दिवसांत स्थानक ४१५ ते ४२० किलोमीटरच्या दरम्यान होतं.

कोणी म्हणेल, हा आकडा फोनवर एका क्षणात मिळतो. त्यासाठी दोन गावांत दोघांनी थंडीत उभं राहायचं कारण काय? मीही स्वतःला हे विचारलं. फोनवरचा आकडा मला दिलेला आहे. ४२४ हा आकडा मी काढलेला आहे, तो कुठे चुकू शकतो हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच दुसऱ्याचा आकडा कितपत मानायचा हेही आता मला कळतं. लाडबोरीच्या रात्री दोन गावांत अशी दोनच माणसं असती, तर ते काय होतं, किती उंचीवर होतं आणि कुठल्या वाटेने गेलं, हे सकाळपर्यंत सांगता आलं असतं.

यानंतर आम्ही हबलही मोजली. ती पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. नैर्ऋत्येकडून चढणारी तिची वाट तर आमच्या मोजपट्टीला जवळजवळ काटकोनात येते, जणू मुरबाड तिच्यासाठीच तिथे वसवलं आहे. फरक स्थानकापेक्षा लहान भरला, म्हणजे हबल त्याच्याहून वर. उत्तर पाचशेच्या आसपास आलं. १९९० मध्ये ती सहाशेच्या वर सोडली होती. तिला वर ढकलणारं इंजिन तिच्याजवळ नाही. विरळ वातावरणाच्या घर्षणाने ती हळूहळू उतरत आहे.

आमच्या आधीचे

हे काही आम्ही शोधलेलं नाही. अंतराळयुग सुरू झालं तेव्हाच अमेरिकेतल्या स्मिथसोनियन वेधशाळेचे फ्रेड व्हिपल यांनी ‘मूनवॉच’ नावाची योजना आखली होती. जगभरच्या हौशी लोकांनी छोट्या दुर्बिणी आणि थांबघड्याळं घेऊन उपग्रहांच्या वेळा नोंदायच्या. त्याच कामासाठी बारा ठिकाणी ‘बेकर–नन’ नावाचे प्रचंड कॅमेरे बसवले गेले, आणि त्यांतला एक आपल्या नैनितालला होता. अर्धा मीटर छिद्राचा तो कॅमेरा आणि माझा जुना डबा यांची तुलनाच नाही. पण दोघांची रीत एकच: ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर यानाची रेघ आणि तिच्याशेजारी वेळ.

इंग्लंडमधल्या केटरिंग गावच्या शाळेतले पदार्थविज्ञानाचे शिक्षक जेफ्री पेरी आणि त्यांचे विद्यार्थी रेडिओवर सोव्हिएत उपग्रहांचे आवाज ऐकून वेळा टिपत असत. १९६६ मध्ये त्या नोंदींवरून त्यांनी ओळखलं, की काही उपग्रह आजवर ठाऊक असलेल्या तळावरून उडालेले नाहीत. सोव्हिएत संघाने जगापासून लपवलेला प्लेसेत्स्कचा तळ असा एका शाळेने शोधला. पेरींचं साधन कॅमेरा नव्हतं, पण भांडवल तेच होतं: वेळ, जागा आणि चिकाटी.

दुर्बिणीतून यानाचा आकार टिपणारे लोकही आहेत. फ्रान्सचे तिएरी लेगो यांनी १३ मे २००९ रोजी फ्लोरिडातून सूर्याच्या तबकडीवरून जाणारं अटलांटिस यान आणि हबल एकाच चित्रात पकडलं. अशा वेळी सारा खेळ सेकंदाच्या अंशात संपतो, आणि जागा काही किलोमीटर चुकली तर यान सूर्यावरून जातच नाही. आमच्या भागातही हे जमण्यासारखं आहे. १०९ मीटर लांबीचं स्थानक डोक्यावर असताना साधारण गुरूच्या बिंबाएवढं भरतं. आठ इंची दुर्बिणीला त्यातला सव्वा मीटरपर्यंतचा तपशील तत्त्वतः वेगळा करता येतो. हवेच्या थरथरीमुळे प्रत्यक्षात त्याच्या तिप्पट-चौपट धरावा. हाताने दुर्बीण फिरवत व्हिडिओ घ्यायचा, हजारो चौकटींतल्या बहुतेक रिकाम्या निघतात, पाच-पन्नासांत सौरपंखे दिसतात. मी एकदाच प्रयत्न केला. मला एक पांढरा इंग्रजी एच दिसला, तोही निम्मा. सूर्याकडे मात्र योग्य गाळणीशिवाय कॅमेरा किंवा डोळा कधीही लावू नये.

न हलणारे ठिपके

आतापर्यंत सांगितली ती धावणारी यानं. ज्याच्याकडे कॅमेरा आणि ट्रायपॉड यांच्यापलीकडे काही नाही, त्याने एकदा तरी न हलणाऱ्या यानांचा फोटो काढावा.

विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर जो उपग्रह फिरतो, त्याला एक फेरी घालायला पृथ्वीच्या एका आवर्तनाएवढाच वेळ लागतो. म्हणून तो आपल्याला एकाच जागी थांबलेला दिसतो. गावोगावच्या कौलांवरच्या तबकड्या एकाच दिशेला तोंड करून असतात त्या याचसाठी. डीडी फ्री डिशची तबकडी जिसॅट–१५ कडे पाहते. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणून आमच्याकडे तिचं तोंड आग्नेयेला.

आता ताऱ्यांचा पाठलाग न करता कॅमेरा स्थिर ठेवून तीस सेकंदांचा फोटो घेतला तर काय होईल? पृथ्वी फिरते म्हणून तारे रेघा होतील. भूस्थिर उपग्रह मात्र ठिपका राहील. इथे यानच चित्रात बसकण मारून उजेड साठवतं आणि पळतात ते तारे. सगळा हिशेब उलटा.

कुठे पाहायचं? आमच्या अक्षांशावरून हे उपग्रह खगोलीय विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेला, साडेतीन अंशांहून जरा कमी, असे दिसतात. मृगातले बाणाचे तीन तारे विषुववृत्ताला लागून आहेत आणि त्याखालचा धूसर तेजोमेघ सव्वापाच अंशांच्या पलीकडे. म्हणजे मृग या उपग्रहांच्या रांगेवरून सरकत जातं, तेव्हा रांग बाणाच्या आणि तेजोमेघाच्या बरोबर मधून जाते. जानेवारीच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास मृग दक्षिणेला सर्वांत उंच येतं. ८५ मिलिमीटरची लेन्स तिकडे रोखून मी घेतलेल्या चौकटी एकावर एक ठेवल्या, तेव्हा पळणाऱ्या ताऱ्यांच्या रेघांमध्ये ठिपक्यांचा एक लहानसा पुंजका जागचा हलला नव्हता.

ती जागा ७४ अंश पूर्व रेखांशाची. शहापूरचा रेखांश ७३.३. म्हणजे ते उपग्रह जवळजवळ आमच्याच रेखांशावर, क्षितिजापासून ६७ अंश वर आहेत. तिथे भारताचे एकाहून जास्त उपग्रह आहेत, आणि त्यांत एक आहे इन्सॅट–३डीआर. ८ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला हवामान उपग्रह. जूनमध्ये अरबी समुद्रावर चढत येणारे ढग आपण बातम्यांत पाहतो, ती चित्रं घेणाऱ्यांतला एक. दर अर्ध्या तासाला तो आपल्या बाजूच्या पृथ्वीचा फोटो काढतो. पुंजक्यातला नेमका ठिपका कोणता, हे माझ्या कॅमेऱ्यावरून सांगता येत नाही. पण ज्या रात्री मी त्याचा फोटो घेतला, त्या रात्री त्याने घेतलेल्या पृथ्वीच्या चित्रात माझी गच्चीही होती.

हे ठिपके फिके असतात. मात्र वर्षातून दोनदा त्यांचे सौरपंखे सूर्याचा उजेड थेट आपल्याकडे परतवतात. माझ्या गणिताप्रमाणे आमच्या अक्षांशावर हे ११–१२ मार्च आणि १–२ ऑक्टोबर यांच्या आसपास घडतं. त्यातला ऑक्टोबर बहुधा परतीच्या पावसात वाहून जातो. मार्चमध्ये ७४ अंशांवरचे ठिपके मध्यरात्रीनंतर सव्वाबाराच्या सुमारास पृथ्वीच्या सावलीत शिरतात. शिरण्याआधी ते उजळत जातात आणि मग विझतात. तासाभराने पुन्हा पेटतात.

उजेडाची परतफेड

शेवटी एक तक्रार. ती कोणा एकाविरुद्ध नाही.

शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसाचं पाणी मुंबईकडे जातं, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात, हे जुनं दुखणं आहे. आता तिकडून परतफेड येते ती उजेडाची. माझ्या गच्चीवरून पश्चिमेचं आकाश पहिले वीस-पंचवीस अंश कायम तांबूस-पांढरं असतं. भिवंडी, कल्याण, पडघ्याची गोदामं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्ता हवाच; माझ्या शेजारच्या पोराला आता नाशिकला लवकर पोचता येतं. पण जमिनीकडे पाहणारा दिवा आणि आकाशाकडे पाहणारा दिवा यांत फरक असतो. झाकण घातलेला दिवा तेवढ्याच खर्चात रस्ता जास्त उजळतो. मुंबईचे आकाशवेडे वर्षानुवर्षं रात्र काढायला वांगणीसारख्या गावी येत आले, ते अंधारासाठी. तो अंधार दरवर्षी थोडा-थोडा माळशेजकडे सरकतो आहे.

वरूनही दाटी होते आहे. २०१९ पासून स्टारलिंकचे उपग्रह हजारोंनी वाढले. माझ्या दहा सेकंदांच्या चौकटीत आता एकाऐवजी तीन-तीन रेघा येतात. पूर्वी रेघ दिसली की आनंद व्हायचा. आता आधी विचारावं लागतं, ही कोणाची?

आणि ते विचारायला वेळ आणि जागा लागते. म्हणून वाचकांना एवढीच विनंती, की यापुढे आकाशात काही वेगळं दिसलं तर चित्रण जरूर करावं. पण त्याआधी मोठ्याने, चित्रणात ऐकू येईल असं, गावाचं नाव, घड्याळातली वेळ आणि आपण कुठल्या दिशेला पाहतो आहोत ते बोलावं. चौकटीत एखादं झाड, घराचा कोपरा किंवा डोंगराची धार येऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभं राहून दिशा मोजता येते. मोजपट्टीचं एक टोक म्हणजे असा एक माणूस. दुसरं टोक वीस-पंचवीस किलोमीटरवर कोणीतरी असतंच.

या दिवाळीत आम्हाला तियानगोंग मोजायचं आहे. मुरबाडहून निरोप आला आहे: तुळशीचं लग्न लागेपर्यंत भाच्याचा कॅमेरा मोकळा आहे.